पाळी बंद झाल्यावर तीन वर्षांनी पुन्हा डाग : सोनोग्राफी नॉर्मल असली तरी तपासणी करावी का?

अबोली
माझ्या आईचे वय ५४ असून तिची पाळी बंद होऊन तीन वर्षे झाली आहेत. गेल्या आठवड्यात माहेरी गेले तेव्हा न्हाणीघरातील दोरीवर टॉवेलखाली झाकून वाळत घातलेले जुन्या सुती साडीचे तुकडे दिसले. खोदून विचारल्यावर तिने सांगितले, की दोन महिन्यांत तीनदा डाग पडले आणि त्याआधीपासून पाण्यासारखे पातळ, वास येणारे पांढरे अंगावरून जात आहे. तिच्या मते ही उष्णता आहे, म्हणून ती रोज सब्जाचे पाणी पिते. गावातील डॉक्टरांनी न तपासताच रक्त थांबण्याच्या गोळ्या दिल्या आणि सोनोग्राफी करवली, तिचा अहवाल नॉर्मल आला. वेदना नाहीत, वजनही घटलेले नाही. आता डाग थांबलेले असताना पुन्हा तपासणीचा आग्रह धरावा का?

सांजवेळ (स्त्रीरोगतज्ज्ञ)
आग्रह धरावा, आणि तो याच आठवड्यात धरावा. सलग बारा महिने पाळी न आल्यानंतर एकदा जरी डाग पडला, तरी तो तपासून घेण्याचाच विषय असतो, मग तो गोळीने थांबलेला असो वा आपोआप. अशा रक्तस्रावामागे बहुतेक वेळा योनीमार्गाचा कोरडेपणा किंवा पॉलिप (मऊ, साधी वाढ) अशी साधी कारणे निघतात. परंतु ती साधीच आहेत, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग नाही, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच म्हणता येते.

सोनोग्राफीविषयी मात्र स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण हा गैरसमज मला दवाखान्यात सतत भेटतो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय, त्याचे अस्तर आणि अंडाशय दिसतात. गर्भाशयाच्या मुखावरची छोटी जखम किंवा सुरुवातीची गाठ तिच्यात सहज निसटते. ती पाहण्यासाठी स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारे साधन) लावून, चांगल्या उजेडात, डोळ्यांनीच पाहावे लागते, आणि या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. मुखावर संशयास्पद भाग दिसला तर तेथून तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात; त्या वेळी केवळ पॅप स्मिअर (मुखावरच्या पेशी घेऊन केलेली चाचणी) नॉर्मल आला म्हणून थांबणे चुकीचे ठरते, कारण पॅप ही लक्षणे नसलेल्या स्त्रियांची चाळणी आहे, लक्षणे असलेल्या स्त्रीला निर्दोष ठरवणारा दाखला नव्हे.

वेदना नाहीत यावर विसंबू नका. कंबर व ओटीपोट सतत दुखणे, एका पायाला सूज येणे, लघवीला अडथळा होणे ही लक्षणे बहुधा आजार पसरल्यावर दिसतात. त्याआधी दिसतात ते दोन पाळ्यांच्या मधले किंवा संबंधानंतरचे रक्त, पाळी गेल्यावरचे डाग आणि तुम्ही वर्णन केले आहे तसा दुर्गंधीयुक्त स्राव.

एक सूचना : कोणी तपासणीविनाच ‘पिशवी काढून टाका’ असे सुचवल्यास थांबा. आत कर्करोग असेल आणि तो न ओळखता साधी शस्त्रक्रिया झाली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

माळरान
मी निवृत्त परिचारिका आहे. ‘काही त्रास आहे का’ या प्रश्नाला आपल्या बायका ‘नाही’ असेच उत्तर देतात; ‘कपडा घ्यावा लागतो का’ असे विचारले की खरे कळते.

शिवाय गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होण्यापूर्वीच्या अवस्थेत आणि अगदी सुरुवातीला कसलेच लक्षण नसते. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले : ज्या गटाला एकदाच एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणी देऊ केली गेली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. म्हणून अबोलीताई, आईंबरोबर तुम्ही स्वतःचीही चाचणी करून घ्या, वय तिशीपुढे असेल तर नक्कीच.

निशिगंध
मला ४१व्या वर्षी संबंधानंतर रक्त जात असे. तांबी बसवलेली असल्यामुळे तिलाच दोष देत मी आठ महिने काढले, आणि खरे सांगायचे तर डॉक्टरांसमोर ‘संबंधानंतर’ हा शब्द उच्चारण्याचीच लाज वाटत होती. अखेर तो एका चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवला. बायोप्सीनंतर बाहेरून रेडिएशन, दर आठवड्याला केमो आणि शेवटी आतून दिले जाणारे रेडिएशन असे उपचार झाले; त्याला आता सहा वर्षे झाली. आईंना बोलणे जड जात असेल तर त्यांनाही चिठ्ठी लिहून द्या.

अबोली
सर्वांची आभारी आहे. स्त्री डॉक्टर असतील तरच येईन, या अटीवर आई तयार झाली असून मंगळवारची वेळ मिळाली आहे. त्या दिवशी नेमके डाग आले तर वेळ पुढे ढकलावी का?

सांजवेळ (स्त्रीरोगतज्ज्ञ)
ढकलू नका. रक्त कोठून येते हे तेव्हाच नीट दिसते. आदल्या दोन दिवसांत योनीमार्गात कोणतेही औषध ठेवू नये, आणि गोळ्यांचे पाकीट व सोनोग्राफीचा कागद सोबत न्यावा.