सेफ्टी शूज नेमके कधी बदलावेत?

हिंगण्याचा फिटर:
माझ्या सेफ्टी शूजचे चामडे अजून चांगले आहे, पण टाचेची बाहेरची कड झिजून तिथली नक्षी सपाट झाली आहे आणि कूलंट (यंत्रकाम थंड ठेवणारा द्रव) सांडलेल्या फरशीवर पाय सरकतो. नवे घ्यावेत की मोच्याकडून तळ बदलून घ्यावा?

बुटीबोरीकर:
भाऊ, नवेच घ्या. बहुतेक सेफ्टी शूजचा पीयू (पॉलियुरेथेन, एक प्रकारचे प्लास्टिक) सोल साच्यात ओतून थेट वरच्या भागाला जोडलेला असतो; मोच्याने चिकटवलेला तळ तेलकट फरशीवर तशीच पकड देईल, याची खात्री कोणी देणार नाही. चामड्याची चकाकी पाहून निर्णय घेऊ नये.

जुना स्टोअरकीपर:
बूट हातात घेऊन वाकवा आणि चवड्याखालच्या घडीत भेगा दिसतात का, ते पाहा. पीयू हवेतील दमटपणामुळे आतून कुजतो, त्यामुळे कित्येक पावसाळे कपाटात पडून राहिलेला कोरा जोडही पहिल्याच पाळीत तुकडे होऊन गळू शकतो. म्हणून खरेदी करताना उत्पादनाचा महिना-वर्ष पाहून घ्यावे (सवलतीच्या ढिगातला माल असेल तर जरूरच). आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या भाग २ प्रमाणे पुढची टोपी (बोटांवरचे कडक कवच) २०० जूलचा आघात सोसणारी असते, मात्र एकदा जड वस्तू पडली की बाहेरून पोचा दिसो वा न दिसो, तो जोड बाद करावा.

हिंगण्याचा फिटर:
घडीत भेगा आहेत. उद्याच सुपरवायझरकडे नव्या जोडाची मागणी नोंदवतो.