सूज, शोथ, दाह आणि ‘संयुक्त’ औषधे : हाताच्या शस्त्रक्रियेनंतरच्या सूचना कशा लिहाव्यात?

विचारणा : हाताचे हाड मोडल्यावर प्लेट आणि स्क्रू बसवलेल्या रुग्णांसाठी मी एक माहितीपत्रक मराठीत लिहीत आहे. सूज उतरावी म्हणून या रुग्णांना दोन-तीन औषधे एकाच वेळी दिली जातात. या उपचाराला ‘मिश्र’ म्हणावे की ‘संयुक्त’? शिवाय डॉक्टरांच्या मसुद्यात सूज, शोथ आणि दाह हे तीन शब्द आलटून पालटून आले आहेत. ते एकच समजावेत काय?

पहिले उत्तर : एकच समजू नयेत. ‘शोथ’ हा शब्द संस्कृतातील ‘श्वि’, म्हणजे फुगणे, या धातूशी जोडला जातो, तर ‘दाह’ हा ‘दह्’, म्हणजे जळणे, यापासून आला आहे. एक शब्द आकाराविषयी बोलतो आणि दुसरा आगीविषयी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चार लक्षणे नोंदवली. इंग्रजी वैद्यकात ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात ते म्हणजे ही चारही एकत्र, आणि सूज त्यांतली एक. त्यामुळे इन्फ्लमेशनला नुसते ‘सूज’ म्हटले की पूर्णाला भागाचे नाव दिल्यासारखे होते. ‘दाहयुक्त सूज’ हा थोडा अवजड शब्द त्या अडचणीतूनच आला असावा, आणि मला तो चालतो.

हा भेद केवळ कोशातला नाही, कारण औषधेही त्याच भेदाने वागतात. डायक्लोफिनॅक किंवा आसेक्लोफिनॅक यांसारखे वेदनाशामक औषध प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दाह पेटवणारी शरीरातली द्रव्ये, तयार होणे रोखून दाह शमवते, तर शिरेतून दिलेले मॅनिटॉल ऊतकांत साचलेले पाणी रक्तात ओढून घेते आणि लघवीवाटे बाहेर काढते. चीनमध्ये हाड मोडल्यानंतरच्या सुजेवर मॅनिटॉलच्या जोडीने एस्सिन हे वनस्पतिजन्य औषध वापरतात, ज्याचा रोख सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून होणारी गळती कमी करण्यावर असतो. दोन औषधे एकत्र देण्यामागचा तर्क हाच, की एकाने गळती आवरावी आणि दुसऱ्याने साचलेले उपसावे. अर्थात अशा वेळी मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. सारांश, पाणी साचलेल्या सुजेला आणि पेटलेल्या सुजेला मसुद्यात एकच शब्द वापरला, तर दोन औषधे का दिली हेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

दुसरे उत्तर : ‘मिश्र’ मात्र टाळावे. मिश्र म्हणजे मिसळलेले. तो शब्द वाचला की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे कंपाउंडरने भरून दिलेली, डोसांसाठी कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली लाल औषधाची बाटली उभी राहते. येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आसेक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि सेराशिओपेप्टिडेज १५ मिलिग्रॅम एकाच गोळीत असतील, तर ती ‘संयुक्त गोळी’. वेगवेगळी औषधे एकाच काळात चालू असतील, तर तो ‘एकत्रित औषधोपचार’. हा फरक लिहिला नाही, तर संयुक्त गोळी घेणारा रुग्ण ठणका लागला म्हणून घरातली पॅरासिटामॉल वेगळी घेतो आणि तेच औषध दोनदा पोटात जाते. (जाता जाता : सेराशिओपेप्टिडेज आपल्याकडे सुजेवर सर्रास लिहिले जाते, पण जपानमध्ये टाकेडा कंपनीने ते २०११ साली बाजारातून मागे घेतले, कारण नव्या चाचण्यांत ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. ‘सूज उतरवणारी गोळी’ असे ठामपणे लिहिताना मी तरी थोडा थांबेन.)

तिसरे उत्तर : ‘हात’ या शब्दाकडे कोणीच पाहिले नाही. मराठीत खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा हातच. शस्त्रक्रिया दंडाची, कोपराची, मनगटाची की कोपर ते मनगट या भागाची, हे पत्रकात लिहायलाच हवे. ‘हात उंच ठेवा’ एवढेच लिहिले, तर लोक हात गळ्यात बांधून पंजा खाली लोंबता ठेवतात आणि बोटे सुजून तुकतुकीत होतात. ‘पंजा छातीच्या वर राहील असा हात उशीवर ठेवा’ असे लिहावे.

आणि सुजेच्या प्रकारांना बोलीत चांगले शब्द आहेत, ते सोडू नयेत. बोटाने दाबल्यावर खळगा पडतो ती मऊ सूज, आणि हात तट्ट होऊन दाबताच येत नाही ती वेगळी. कोपराखालचा हात असा टणक झाला, औषध घेऊनही ठणका वाढत गेला आणि दुसऱ्याने बोटे सरळ करताना जीव कळवळला, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याची शंका घ्यावी लागते. त्याच्या परिणामी बोटे आखडून राहतात, हे फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्येच लिहून ठेवले आहे. अशा वेळी गोळ्यांची कुठलीही जोडी पुरत नाही. आवळलेली पट्टी ताबडतोब सोडवावी लागते आणि पुष्कळदा तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून तेथे ‘सूज वाढल्यास कळवा’ हे फार मवाळ होते.

पुन्हा मूळ विचारणारा : सर्वांचे आभार. ‘शोथ’ काढून टाकला आहे आणि ‘दाह’ फक्त औषधाचे काम सांगताना ठेवला आहे. वाक्ये आता अशी आहेत : ‘मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरावी म्हणून तुम्हाला दोन वेगळी औषधे एकाच काळात दिली आहेत. त्यांतील एका गोळीत पॅरासिटामॉल आहे. ती चालू असताना वेगळी पॅरासिटामॉल घेऊ नये. हात तट्ट झाला, बोटे बधिर पडली किंवा ठणका औषधाने थांबेना, तर पुढच्या गोळीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालयात यावे.’