४ टक्क्यांच्या आधीची पायरी

'सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ४ टक्के जागा राखीव आहेत, पण अर्ज करायलाच कुणी पुढे येत नाही' असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या त्या जागांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि आमच्याकडे माणूस अडतो तो तिथेच. माझा मावसभाऊ कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, एक पाय पोलिओनं गेलेला. दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या. फॉर्म कन्नडमध्ये, तो कन्नड बोलतो झकास, पण वाचता येत नाही. बाहेर बसलेल्या माणसानं ५० रुपये घेऊन भरून दिला, त्यात वडिलांचं नाव चुकलं, म्हणून दुसरी खेप. तिसऱ्या वेळी तपासणी पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. (अपंगांची तपासणी वरच्या मजल्यावर ठेवायचं कुणाला सुचतं, देव जाणे.)

एक गोष्ट इथे कुणी सांगितली नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीत अपंगांसाठी मानधनावर एक पुनर्वसन कार्यकर्ता नेमतात, आणि तो स्वतःही अपंग असतो. 'व्हीआरडब्ल्यू' (व्हिलेज रिहॅबिलिटेशन वर्कर) म्हटलं की पंचायतीत लगेच कळतं. आमच्या गावच्या व्हीआरडब्ल्यू ताईंनी यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज एका दुपारी भरून दिला, तोही मराठीत सगळं समजावत. त्या आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं! पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्चायचे असतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मग भावानं ग्रामसभेत त्याचा हिशेब मागितला. 'पुढच्या सभेत बघू' असं उत्तर आलंय.