पाहुण्यांना थिबा राजवाडा दाखवायचा की गणपतीपुळे? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा)

ए-१०१, सेक्रेटरी (शुक्रवार, सकाळी ९.१०)
नमस्कार मंडळी. मे महिना आहे, प्रत्येकाकडे मुंबई-पुण्याचे पाहुणे आलेत. रविवारी दोन मिनीबस ठरवतोय. आतापर्यंत ३४ नावं आली आहेत. अर्ध्या लोकांना गणपतीपुळे हवंय, अर्ध्यांना गावातल्या गावात, रत्नागिरीतच, थिबा राजवाडा आणि टिळक आळी. रात्रीपर्यंत मत कळवा, ड्रायव्हरला सांगायचं आहे.

ए-२०३ (९.२५)
माझं मत गणपतीपुळे. गेल्या वर्षी मेव्हण्यांना राजवाड्यात नेलं होतं, अर्ध्या तासात बाहेर आलो. मोठमोठ्या खोल्या, पण रिकाम्या. ते राजस्थान बघून आलेले, म्हणाले, "यात राजाचं असं काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

सी-३०१ (९.३१)
त्यापेक्षा मुरूडला नवाबाचा राजवाडा बघायला जाऊ या का? फोटोत फार सुंदर दिसतो, अगदी समुद्रावर आहे.

ए-१०१, सेक्रेटरी (९.४०)
ताई, मुरूड एका दिवसात जाऊन येण्याइतकं जवळ नाही. आणि तो वाडा खाजगी मालकीचा आहे, आत सोडत नाहीत. रस्त्यावरूनच बघावा लागतो.

डी-२०१ (९.४४)
मी सावंतवाडीचा, म्हणून सांगतो. पुढच्या वेळी आमचा राजवाडा ठेवा. मोती तलावाच्या काठाला लाल चिऱ्याची इमारत आहे. आत दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे पत्ते, रंगवतात. गोल पानं, दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे १२०. ही कला विझत आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी वाड्यातच जागा देऊन ती पुन्हा उभी केली. तिथे वाडा बघताना माणसं काम करताना दिसतात. गंजिफा बघूक येवा!

बी-१०४ (दुपारी १.०५)
जेवणं आटोपून निवांत लिहायला बसले आहे. जरा मोठं होईल, पण वाचा.

ए-२०३ भाऊ, तुमच्या मेव्हण्यांचा प्रश्न बरोबर आहे. त्या घरात राजाचं काही नाही, कारण तो राजाने बांधलेला राजवाडाच नाही. कैद्यासाठी सरकारने बांधलेलं घर आहे ते. हे आधी सांगितलं नाही तर खोल्या रिकाम्याच दिसणार.

१८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला आणि थिबा राजाला मंडालेहून उचललं. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये आपल्या रत्नागिरीत. तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. बरोबर राण्या आणि लहान मुली, धाकटी राजकन्या तर इथेच जन्मली. रत्नागिरी का? रेल्वे नाही, मागे सह्याद्री, पुढे समुद्र, पावसाळ्यात बोटी बंद. माणूस विसरला जावा म्हणून निवडलेलं गाव होतं ते. २४ वर्षं त्यांनी इथल्या बंगल्यांत काढली. बाहेर पडायचं तर पोलीस अधिकाऱ्याची परवानगी. तनखा पुरायचा नाही, म्हणून अंगावरची माणकं एकेक करून विकली गेली. तो या घरात राहायला आला १९१० च्या अखेरीस. डिसेंबर १९१६ मध्ये गेला. तीस वर्षांच्या कैदेतली शेवटची सहा वर्षं, एवढाच त्या वास्तूचा आणि त्याचा संबंध.

आता दुसरी गोष्ट. वर्गात मी ही दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी माझाच आवाज जड व्हायचा. टिळक आळीतलं ते कौलारू घर आपण सगळ्यांनी पाहिलंय. १८५६ मध्ये टिळक तिथे जन्मले. १९०८ मध्ये त्यांना शिक्षा झाली आणि इंग्रजांनी नेऊन ठेवलं कुठे, तर मंडालेला. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक तिथे तुरुंगात बसून पेन्सिलीने गीतारहस्य लिहीत होते. त्याच हिवाळ्यात मंडालेचा राजा रत्नागिरीत, आपल्या या टेकडीवरच्या नव्या घरात बिऱ्हाड लावत होता. रत्नागिरीचा माणूस मंडालेत कोंडलेला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत! दोन्ही घरं एका सकाळीत बघता येतात. हे आपल्या गावाशिवाय कुठे बघायला मिळणार?

म्हणून माझं म्हणणं, आधी टिळक आळी, मग राजवाडा. आत गेल्यावर फोटो काढा, पण त्याआधी वरच्या मजल्यावर अर्धगोल नक्षीच्या खिडकीशी जरा उभे राहा. बाहेर बघा. पाणी दिसतं, खाडी दिसते. मुलांना विचारा, रोज हे दिसतं आणि उतरून तिथवर जायचं तर कोणाला तरी विचारावं लागतं, तर कसं वाटेल? मी विचारलं होतं. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मग खिडकीच नको." इतकी वर्षं झाली, ते उत्तर मी विसरलेले नाही.

आणि शिवाजीनगरला समाधी आहे, तिथेही थांबू. राजा तिथेच आहे, धाकटी राणीही. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथवर येऊन गेले. एवढ्या लांबून ते येतात आणि आपण गावात राहून जात नाही, हे मला लागतं.

थोरल्या राजकन्येचं तर वेगळंच. राजाकडच्याच एका मराठी दरवानापासून तिला मुलगी झाली, टूटू. ती रत्नागिरीकरीण म्हणूनच जगली, मराठी बोलत. कागदाची फुलं आणि गोवऱ्या विकून तिने संसार केला. २००० मध्ये गेली. आमच्या आईच्या पिढीने तिला पाहिलेलं होतं.

ए-२०३ (१.४०)
बाई, मंडालेचं आणि टिळकांचं मी शाळेत शिकलो होतो, पण दोन्ही एकाच वेळचं आहे हे कधी जुळवलंच नव्हतं. मेव्हणे अजून इथेच आहेत. त्यांना परत नेतो. माझं मत बदललं असं धरा.

सी-४०२ (२.१५)
वाड्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचं गुहागरकडचं घर चौसोपी होतं, खोतांचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचं. चिऱ्याच्या भिंती, फणसाचे खांब, ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा. मंगळुरी कौलं आजोबांच्या काळात चढली, त्याआधी नळ्याची होती. (मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला, तिथून ती गलबतांनी आपल्या बंदरांत यायची.) वाटण्यांचं भांडण पंधरा वर्षं चाललं. शाकारणी कोणी करायची, यावर एकमत होईना. एका पावसात माजघरावरचं छप्पर बसलं. खांब जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याने नेले, कुठल्याशा हॉटेलात लावायला. नेताना मी उभा होतो. खांब उचलले आणि खाली नुसते तळखडे राहिले, दगडावर मधोमध फिकट चौकोन, शंभर वर्षं ऊन न लागलेला. तो चौकोन डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून जे वाडे उभे आहेत ते बघून घ्या.

बी-३०३ (२.५०)
दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण माझं घर त्याच्या दुसऱ्या बाजूचं, तेही सांगायला हवं. माझे आजोबा कुळ होते. पिकलेलं भात डोक्यावरून खोताच्या अंगणात नेऊन ओतायचं आणि मापून होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. ओटीची पायरी चढायची नाही. घरी परतायचे तेव्हा उरायचं ते होळीपर्यंतही पुरायचं नाही. मोठ्या वाड्याचा झोपाळा त्या भातावर हलायचा.

यासाठी माणसं लढली आहेत. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली संप केला, जमीनच कसायची नाही म्हणून. वर्षानुवर्षं चालला तो. जंगलातली लाकडं विकून पोट भरलं लोकांनी. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नाहीशी करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पाहुण्यांना वाडे दाखवताना नक्षीबरोबर हेही सांगा, एवढंच म्हणणं.

बी-१०४ (३.२०)
अगदी सांगायला हवं. मी इतकी वर्षं थिब्याचं सांगितलं, पण त्या घराचे चिरे कोणी वाहिले, पाणी कोणी भरलं, हे मुलांना कधी सांगितलं नाही. चुकलंच ते. बी-३०३ भाऊ, रविवारी बसमध्ये माईक तुमच्याकडे. चरीच्या संपाचं तुम्ही सांगा, मी नाही.

बी-३०३ (३.२६)
मी काही शिक्षक नाही हो बाई.

बी-१०४ (३.२७)
तुम्ही आत्ता लिहिलंत तसंच सांगा. भात ओतायचं ते आधी.

सी-३०१ (४.०२)
मुलांना कंटाळा आला तर? माझा भाचा सात वर्षांचा आहे.

डी-२०१ (४.०५)
राजवाड्यानंतर जवळच थिबा पॉइंट आहे की. मोकळं वारं, खाली भाट्याची खाडी. तिथे पोरांना सोडा अर्धा तास.

ए-१०१, सेक्रेटरी (रात्री ८.३०)
ठरलं. रविवारी सकाळी ८ वाजता गेटवर. आधी टिळक आळी, मग राजवाडा, थिबा पॉइंट, येताना शिवाजीनगरची समाधी. १ वाजता जेवायला घरी. उन्हाचं आहे, टोप्या आणि पाणी आणा. सोमवारवर ढकलू नका, राजवाड्यातलं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. गणपतीपुळे पुढच्या रविवारी, ज्यांना हवं त्यांनी वेगळी नावं द्या.

सी-४०२ (८.५५)
बी-३०३ दादा, माझ्याकडे आमच्या घराचा एक जुना फोटो आहे, काळा-पांढरा. ओटीवर घरचे सगळे बसलेत आणि कडेला अंगणात चार-पाच माणसं उभी आहेत. ती कोण, हे आमच्या घरात कोणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. आणू का रविवारी?

बी-३०३ (९.१०)
आणा. माझी आईपण येतेय, तिचं माहेर तिकडचंच. तिला दाखवू, ती ओळखेल कोणाला तरी.