आच्छादनाला स्वस्तात काय मिळेल? (न खणता भाजीपाला, सासवड)

नमस्कार मंडळी,

घरामागे पाऊण गुंठा जागा आहे. सगळा मुरूम, कुदळ मारली की ठिणगी उडते. म्हणून दिवाळीनंतर ठरवलं, खणायचंच नाही. जमिनीवर पुठ्ठे, त्यावर चार बोटं शेणखत, वरून जाड आच्छादन आणि रोपं त्यातच. 12 बाय 4 फुटांचे सहा वाफे आखलेत. पुठ्ठे किराणावाल्याकडून फुकट मिळाले, शेणखत शेजारून आलं. घोडं अडलंय आच्छादनापाशी.

हिशेब असा: सहा वाफे म्हणजे 288 चौरस फूट. अर्धा फूट थर धरला तर 144 घनफूट, जवळजवळ दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट)! वाळू-खडी घेताना ब्रास ऐकला होता, पाल्यासाठी मोजावा लागेल असं वाटलं नव्हतं. आणि हे सगळं एका पावसाळ्यात बसून बोटभर उरणार.

आजवर केलेले उद्योग सांगते.

भाताचा पेंढा विचारला. भाव ऐकण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "गुरांच्या तोंडचा घास मातीत घालतेस?" पटलं. इकडे उन्हाळ्यात चारा विकत आणतात लोक.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की साधारण 70 लिटर होते. मला साठेक विटा लागतील. विषय संपला.

वखारीतून दोन पोती लाकडाचा भुसा आणला आणि शहाणपणा करून शेणखतात कालवला. मेथी पिवळी पडली ती पडलीच. नंतर कळलं की भुसा कुजताना नत्र ओढून घेतो, वर नुसता पसरला असता तर एवढा त्रास झाला नसता.

मग रसवंतीवाल्याकडची चिपाडं. फुकट! तीन पोती ओली तशीच पसरली. दुसऱ्या दिवशी आंबूस वास, माश्या, आणि मुंग्यांची तर रांगच लागली. उरलेली गच्चीवर आठवडाभर वाळवली तेव्हा कुठे वापरण्यासारखी झाली. एक पोतं शेजारच्या शेळीने फस्त केलं ते वेगळंच.

प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर नको आहे. उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, आणावं का? उसावर टू-फोर-डी हे तणनाशक मारतात, त्याचा अंश राहून टोमॅटो जातील अशी धास्ती आहे. शिवाय इथला वारा काही टिकू देत नाही. वाळवीचं काय करायचं तेही सांगा.

बांधावरून:
ताई, पाचटच आणा. हिरवं वाढं (उसाचा शेंडा) जनावरं खातात, वाळलेल्या पाचटाला कोण विचारतंय? तोडणी झाली की पेटवून देतात बरेच जण. हेक्टरी आठ-दहा टन निघतं, तुमचे सहा वाफे म्हणजे कोपरासुद्धा नाही. आत्ता फेब्रुवारी आहे, तोडण्या चालू आहेत. बारामती-फलटणकडे कुणी ओळखीचं असेल तर तोडणीआधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही पोचेपर्यंत काडी लागलेली असते. खर्च काय तो टेम्पोचा. एकट्याने टेम्पो करू नका, आणखी दोघंतिघं जोडा. आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जा, पाचटाची पात ब्लेडसारखी कापते. जमलं तर कडबाकुट्टीतून काढून घ्या. अख्ख्या पाचटातून रोप लावायला हात घालता येत नाही.

टू-फोर-डी रुंद पानाच्या तणावर चालतं, ऊस गवताच्या कुळातला म्हणून वाचतो. टोमॅटो, घेवडा मात्र त्याला फार नाजूक. कधी फवारलं होतं ते शेतकऱ्याला सरळ विचारा. तरी शंका असेल तर दोन कुंड्यांत घेवडा लावा. एकीला पाचट रात्रभर भिजवलेलं पाणी घाला, दुसरीला साधं. वीसेक दिवसांत पहिलीतली कोवळी पानं पिळवटली, दोरीसारखी लांबट झाली, तर ते पाचट भाजीत नको.

गच्चीवाली:
मी पुण्यात. आमच्याकडे सुका पाला जिवावर आलेला असतो. सोसायट्यांचे माळी पोती भरून गेटबाहेर ठेवतात. 'ब्राउन लीफ' उपक्रमातून पाला नको असलेले आणि हवा असलेले एकमेकांना सापडतात, तिथे बघा. सासवडहून कुणी गाडी घेऊन पुण्याला येत असेल तर परतताना डिकी रिकामी का न्यायची? पाला पायाखाली चुरून, भिजवून टाका. सुकी अख्खी पानं तुमच्या वाऱ्यात थेट जेजुरीला पोचतील.

बांधावरून:
वाऱ्यासाठी वरून तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, आडव्या टाका. त्याही कुणी खात नाही.

लाल माती:
वाळवीबद्दल. सुकं ठेवलंत तर ती येणारच, पुठ्ठा तिचा खाऊ. आच्छादन ओलसर ठेवा, घराच्या भिंतीपासून दोन हात लांब ठेवा, आणि रोपाच्या बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. पावसाळ्यात थर थोडा पातळ करा, नाहीतर खाली गोगलगायी संसार थाटतात. आणि कुंपणाला गिरिपुष्प (हिरवळीच्या खताचं झाड) लावून टाका, फांदी रोवली की जगते. पुढच्या वर्षापासून पाला घरचा, वर नत्रही भरपूर. पाचटावर हिरवा गिरिपुष्प पसरला की पाचट लवकर कुजतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. फलटणला मावसभाऊ आहे, त्याला आजच फोन केला. "पाचट न्यायला येतेस? बरी आहेस ना?" म्हणाला. आमच्या गल्लीतल्या दोघी टेम्पोत भागीदार झाल्यात. घेवडा कुंडीत लावणार आहे. गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाच्या तोंडावर.

एक राहिलंच. काल एका वाफ्यावरचं शेणखत सारून पाहिलं, तर लव्हाळ्याचं सुईसारखं टोक पुठ्ठा भोसकून वर आलंय. पुठ्ठा दुहेरी करू का?

लाल माती:
दुहेरी करा, चौपदरी करा, तो येणारच. खाली गाठी आहेत ना. दिसला की हळू ओढायचा, गाठीसकट आला तर तुमचं नशीब. दर चार दिवसांनी एक फेरी मारा, चहा हातात घेऊन.