मदत हवी आहे : लेगो रॉक रेडर्स या खाणकामाच्या गेममध्ये टेलिपोर्ट पॅड (गाड्या उतरवायची इमारत) बांधलाय, पण गाडी येत नाही

गुहेकरी
टेलिपोर्ट पॅड बांधून झालाय, क्रिस्टल भरपूर आहेत, तरी गाडी खाली उतरत नाही. गाडीचं चित्र मंद दिसतं, क्लिक केलं तर काहीच होत नाही. कृपया लवकर सांगा, सगळी खाण अडून बसली आहे.

खडकफोड्या
पीसी की प्लेस्टेशन? दोन्ही गेम बरेच वेगळे आहेत. आणि गाडी कुठली?

जुनापीसी
विंडोज कुठलं? 1999 चा गेम आहे, नव्या मशीनवर त्रास देतोच. डीजीव्हूडू (जुन्या गेमचं ग्राफिक्स नव्या विंडोजवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, माझं सगळं सुरळीत झालं.

खडकफोड्या
अहो, त्यांनी इमारत बांधलीये, म्हणजे गेम चालतोय. ग्राफिक्सचा इथे काय संबंध?

गुहेकरी
पीसी. गेम मस्त चालतोय. गाडीचंच सांगा.

मावळतीकडचा
पॉवर पाथ (इमारतींना जोडणारी विजेची वाट) टूल स्टोअरपर्यंत, म्हणजे हत्यारांच्या कोठारापर्यंत, जोडलाय का? शंभरातल्या नव्वद जणांचं तिथेच अडतं.

गुहेकरी
जोडलाय हो! क्रोम क्रशर मागवतोय, तो का नाही येत?

खडकफोड्या
मग येणार कसा? साध्या पॅडवर फक्त छोट्या गाड्या उतरतात: होव्हर स्काउट, स्मॉल डिगर वगैरे. क्रोम क्रशर, ग्रॅनाइट ग्राइंडर, लोडर डोझर या धुडांना सुपर टेलिपोर्टच लागतो. पॅड कितीही अपग्रेड करा, फरक पडत नाही. सुपर टेलिपोर्टच्या चित्रावर माउस नेऊन थांबा, आधी कुठल्या इमारती हव्यात ते दिसेल.

मावळतीकडचा
क्रशर हवाच कशाला? हार्ड रॉकला, म्हणजे कठीण खडकाला, डायनामाइट लावा. मी तसंच खेळतो.

खडकफोड्या
आणि प्रत्येक भिंतीसाठी एकेक कांडी टूल स्टोअरमधून वाहून आणायची? तेवढ्यात क्रशर अख्खा बोगदा पाडतो.

मावळतीकडचा
क्रशरवर बसायला प्रशिक्षित ड्रायव्हर लागतो, तो विसरलात. नाहीतर गाडी नुसती उभी राहील.

विटाजमवणारा
क्रोम क्रशरचा खरा सेट 4970 आहे माझ्याकडे, पुढचं ड्रिल अजून फिरतं. मुख्यालयाचा 4990 कुणी विकणार असेल तर निरोप करा.

नवखाणवाला
मूळ गेमशी झटापट कशाला करताय? चाहत्यांनी बनवलेला मॅनिक मायनर्स फुकट आहे, तो घ्या.

गुहेकरी
मला मूळच खेळायचाय, लहानपणी अर्धवट राहिलेला. बाकीच्या इमारती आहेत, पण सुपर टेलिपोर्ट ठेवायला गेलं की जागा लालच दाखवतो.

खडकफोड्या
तो साध्या पॅडपेक्षा जास्त जागा खातो. मलबा पूर्ण साफ हवा, एक कोपरा राहिला तरी लाल. शिवाय त्याचा पॉवर पाथ तुमच्या आधीच्या पाथला टेकला पाहिजे. जागा मिळाली तरी इमारत लगेच उभी राहत नाही. आधी बॅरियर (कठडे) येतात, मग ओअर (खनिज). माणसं दुसऱ्या कामाला लावलेली असतील तर पाया तसाच पडून राहतो.

गुहेकरी
माणसं मलब्याला लावली. आता बिळातून स्लग (गोगलगाईसारखा राक्षस) निघून पॉवर स्टेशनला चिकटलाय! काय करू?

मावळतीकडचा
दोघातिघांना लेझर द्या आणि आधी त्याला हाकला, क्रिस्टलची ताकद शोषून घेतो तो. मलबा नंतर.