ट्रॅक आधीचा, घरं नंतरची. मग हटायचं कुणी?

काउलीकर

ऑक्सफर्डच्या काउली भागात मी २०११ साली राहायला आलो. घरापासून चालत दहा मिनिटांवर शर्यतींचं स्टेडियम. आज जाऊ उद्या जाऊ करत राहिलो आणि २०१२ च्या डिसेंबरात ते बंदच झालं. पुढची नऊ वर्षं कामावर जाता-येता गेटचं कुलूप आणि आत माजलेलं गवत तेवढं पाहिलं. जागेच्या मालकांना तिथे दोनशेहून जास्त घरं बांधायची होती. २०१४ मध्ये सिटी काउन्सिलनं (पालिकेनं) परवानगी नाकारली आणि तो परिसर संरक्षित ठरवला. २०२२ मध्ये स्पीडवे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींचा खेळ, परत आला आणि मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ५०० सीसीच्या मोटारसायकली, एकच गियर, ब्रेक नाहीत. चार रायडर, चार फेऱ्या, लाल भुकटीचा लंबगोल ट्रॅक. वळणावर मागचं चाक बाहेर फेकत, डावा पाय जमिनीला टेकवत गाडी आडवी न्यायची. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. शेजारी बसलेल्या सत्तरीच्या आजोबांनी मला कार्यक्रमपत्रिकेत गुण कसे भरायचे ते शिकवलं. मिथेनॉलवर चालणारी इंजिनं, त्यात एरंडेलाचं ऑइल. तो वास नाकात गेला आणि आजीनं नाक दाबून पाजलेलं एरंडेल आठवलं. घरी आल्यावर शर्टाच्या खिशातून लाल माती निघाली.

हे सगळं आता एकेक करून चाललंय. स्विंडनला १९४९ पासून स्पीडवे होता. २०१९ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि तोच शेवटचा हंगाम ठरला. आजूबाजूच्या जमिनीवर घरं उभी राहिली, सुधारलेल्या स्टेडियममध्ये मात्र स्पीडवेला जागा उरली नाही. पीटरबरोचा क्लब १९७० चा. २०२१ मध्ये विजेता, २०२३ मध्ये बेघर, कारण ट्रॅक ज्या शोग्राउंडवर (प्रदर्शनाच्या मैदानावर) होता तिथे १,५०० घरांचा आराखडा आहे. कॉव्हेंट्रीचं ब्रँडन स्टेडियम २०१६ पासून बंद आहे.

माझं म्हणणं एवढंच: पर्यायी ट्रॅक प्रत्यक्ष उभा राहून त्यावर पहिली शर्यत होईपर्यंत जुन्या ट्रॅकची वीटही हलवू देऊ नये. घरं हवीतच. पण 'आधी घरं, ट्रॅकचं नंतर बघू' हा क्रम आम्हाला दर वेळी बुडवतो.


ईस्ट हॅमकर

काउलीकर, लिहिलंय मनापासून, पण मी विरुद्ध बाजूची आहे.

इंग्लंडात काउन्सिलच्या स्वस्त भाड्याच्या घरासाठी १३ लाखांवर कुटुंबं यादीत आहेत. मी पूर्व लंडनच्या न्यूहॅममध्ये शाळेत काम करते. आमच्या वर्गातला एक मुलगा दोन वर्षांत चार पत्त्यांवर राहिलाय. पालकसभेला त्याची आई बॅगेतून सगळी कागदपत्रं काढते, कारण ती ठेवायला तिच्याकडे कायमचं कपाटच नाही. सरकार या संसदेच्या काळात १५ लाख घरं बांधू म्हणतंय. ती कुठे बांधायची? हिरव्या शेतांना हात लावला तर लोक ओरडतात, शहरातल्या वापरलेल्या जागा मागितल्या तर तुम्ही ओरडता.

आमच्या जवळच कस्टम हाउसला वेस्ट हॅमचं मोठं स्टेडियम होतं. १९२८ चं. १९७२ मध्ये पाडलं आणि वस्ती झाली. तिथल्या रस्त्यांना रायडरांची नावं आहेत: क्रूम्ब्स रोड, यंग रोड, विल्किन्सन रोड. हॉस्किन्स क्लोजही आहे, ते ऑस्ट्रेलियातून हा खेळ इकडे आणणाऱ्यांपैकी एक, जॉनी हॉस्किन्स यांच्या नावाचं. त्या घरांत पन्नास वर्षं संसार झालेत, पोरं वाढली, त्यांची पोरं झाली. तो ट्रॅक राहिला असता तर या माणसांनी कुठे जायचं होतं?

विम्बल्डनच्या प्लाउ लेनचंही तसंच. स्पीडवे २००५ मध्ये गेला, कुत्र्यांच्या शर्यती २०१७ मध्ये थांबल्या. आता तिथे फुटबॉल क्लबचं मैदान आहे आणि सहाशेच्या आसपास घरं. जागेचा हा उपयोग मला जास्त चांगला वाटतो.


काउलीकर

ताई, त्या मुलाच्या आईपुढे माझा शर्टाचा खिसा कुठेच नाही, हे मान्य.

पण प्लाउ लेनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे खेळ टिकला, कारण मैदान आणि घरं एकाच आराखड्यात बांधली गेली. स्पीडवेला अशी संधी कुणी देत नाही. बहुतेक क्लब स्टेडियमचे भाडेकरू असतात. जागा कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्या कंपनीची किंवा थेट जमीनवाल्याची. करार संपला की क्लबच्या हातात गाड्या आणि कप उरतात. आपल्याकडच्या चाळीतल्या पागडीवाल्याला निदान काही हक्क तरी असतो, इथे तेवढाही नाही.

आणि रस्त्याला नाव दिलं म्हणून खेळ राहत नाही. क्रूम्ब्स रोडवरच्या किती मुलांना क्रूम्ब्स कोण ते ठाऊक आहे?


रात्रपाळी

मी नर्स आहे. गाव आणि ट्रॅक सांगत नाही. आम्ही नव्या वसाहतीत घर घेतलं, ट्रॅकपासून फार तर चारशे मीटर. बिल्डरच्या माणसानं घर दाखवायला मंगळवारी सकाळी अकरा वाजता नेलं होतं. चिमण्यांचा आवाज येत होता. माहितीपत्रकात नकाशा होता, त्यावर स्टेडियमच्या जागी नुसता करडा चौकोन होता, नाव नाही. राहायला आल्यावर दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी सहा वाजता पहिलं इंजिन सुरू झालं. मला रात्री आठला ड्यूटीवर जायचं होतं, मी तेव्हा झोपलेले असते.

तुम्ही लोक म्हणता एक शर्यत मिनिटभराची, रात्रीत पंधरा शर्यती, म्हणजे सगळा मिळून पाव तास आवाज. हिशोब बरोबर आहे, पण तो पाव तास सलग नसतो. दर सात-आठ मिनिटांनी इंजिन किंचाळतं, मधल्या वेळात लाउडस्पीकर. स्पीडवे नसेल त्या दिवशी स्टॉक कार, म्हणजे एकमेकींना धडकणाऱ्या मोटारींच्या शर्यती. मार्च ते ऑक्टोबर, म्हणजे नेमके खिडक्या उघड्या ठेवायचे महिने.

ट्रॅक आधीचा होता, मला मान्य. पण आयुष्यभराचं कर्ज माझ्या डोक्यावर आहे. मी कुठे हटू?


लेस्टरचा वकील

इथे कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण 'आम्ही आधीपासून आहोत' हे वाक्य कोर्टात वाटतं तितकं चालत नाही.

सफोकमधल्या मिल्डनहॉलच्या स्टेडियमला १९७५ साली परवानगी मिळाली. तिथे स्पीडवे, पुढे स्टॉक कार आणि मागच्या बाजूला मोटोक्रॉस. २००६ च्या जानेवारीत एका जोडप्यानं तिथून अर्ध्या किलोमीटरहून थोडं लांब एक बंगला विकत घेतला आणि आवाजाविरुद्ध दावा लावला. हायकोर्टात ते जिंकले, अपिलात हरले, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं निकाल पुन्हा त्यांच्या बाजूनं दिला. वादी नंतर राहायला आला, हा बचाव होऊ शकत नाही, असं कोर्टानं स्पष्ट म्हटलं. नियोजन खात्याची परवानगी असली म्हणजे शेजाऱ्याला त्रास द्यायचा परवाना मिळाला, असंही नाही.

यातला पैशाचा भाग तर ट्रॅकवाल्यांची झोप उडवणारा आहे. वादीचा खर्च, वकिलांची यशफी (जिंकल्यावर मिळणारी जादा फी) आणि विमा धरून आकडा १० लाख पौंडांच्या वर गेला. हरलेल्यांनी त्यातला ६० टक्के भरायचा. नुकसानभरपाई होती २१ हजार पौंडांच्याही आत.

मात्र त्याच निकालात एक बारीक दार उघडं आहे. बंगला आधीपासून राहता होता, म्हणून वादीची बाजू भक्कम ठरली. मोकळ्या जमिनीवर नव्यानं घरं बांधून मग कुणी तक्रार केली, तर त्याची बाजू तितकी भक्कम नसेल, असं न्यायमूर्तींनी सूचित केलं. शिवाय २०१८ पासून राष्ट्रीय नियोजन धोरणात 'एजंट ऑफ चेंज' हे तत्त्व आलंय: जो नवा येतो त्यानं जुन्याच्या आवाजाची तजवीज करायची, खर्च त्याचा. म्हणजे रात्रपाळी, तुमच्या खिडक्यांचा प्रश्न ट्रॅकवाल्याकडे नाही, बिल्डरकडे न्यायचा आहे.


रात्रपाळी

वकीलसाहेब, बिल्डरनं तीन काचांच्या खिडक्या बसवल्यात. बंद केल्या की आवाज खरंच कमी होतो. जुलैत बंद खिडकीत झोपून दाखवा.


गॉर्टनवाले

मी मँचेस्टरचा, तिथल्या बेल व्ह्यू स्पीडवे क्लबवाला. काउलीकर म्हणतात तो क्रम इथे एकदा पाळला गेलाय, म्हणून लिहितो.

आमचा मूळ ट्रॅक हाइड रोडला होता. १९८७ मध्ये ती जागा मोटारींच्या लिलावासाठी विकली गेली. क्लब जवळच्या ग्रेहाउंड (कुत्र्यांच्या शर्यतींच्या) स्टेडियममध्ये भाड्यानं गेला. मग काउन्सिलच्या पुढाकारानं गॉर्टनमध्ये खास स्पीडवेसाठी नॅशनल स्पीडवे स्टेडियम बांधलं, २०१६ मध्ये ते सुरू झालं, आणि जुन्या ग्रेहाउंडच्या जागेवर घरं आली. घरंही झाली, ट्रॅकही झाला.

सगळं सुरळीत झालं नाही. पहिल्याच रात्री एका वळणाची माती बसली नव्हती, रायडरांनी पाहणी केली आणि कार्यक्रम रद्द झाला. लांबून आलेले लोक कारमध्ये बसून परत गेले, त्यात मी होतो, शेजारी रडवेला मुलगा. पण ट्रॅक दुरुस्त झाला. २०२५ मध्ये जागतिक मालिकेची ब्रिटिश फेरी कार्डिफच्या प्रचंड स्टेडियममधून उठून आमच्या छोट्या गॉर्टनला आली. मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, दोघांनी उभ्यानं पाहिली.


मिडलँड्सचा मावळा

इतकं सगळं वाचून एक कडू गोष्ट बोलतो. प्रेक्षक कुठे आहेत? १९८१ ची जागतिक अंतिम फेरी वेम्बलीला झाली तेव्हा नव्वद हजारांवर माणूस होता. आज लीगच्या साध्या सामन्याला स्टँडमध्ये किती डोकी असतात ते मोजायला वेळ लागत नाही. खेळाला बिल्डरनं मारलं हे अर्धसत्य आहे. पोलंडमध्ये हाच खेळ गर्दी खेचतो, कारण तिथे शहरांनी आणि क्लबांनी त्यात पैसा ओतला. तोरुनला तर खास स्पीडवेसाठी बांधलेलं, स्टँडवर छप्पर असलेलं मैदान आहे. इथले चांगले रायडरही तिकडच्या पगारावर जगतात.

आणि तुमच्या 'परवानगी नाकारा' या उपायाचं फळ पाहायचं असेल तर ब्रँडनला या. मी कॉव्हेंट्रीच्या बाजूला राहतो. १९२८ पासूनचा ट्रॅक. घरांचा अर्ज रग्बी गावच्या काउन्सिलनं २०२२ मध्ये फेटाळला, पुढे अपीलही फेटाळलं गेलं. लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आणि जागा? स्टँड जळालेला, भिंतींवर रंगाचे फवारे, पिटच्या (रायडर गाड्या तयार करतात त्या आवाराच्या) जागी झाडोरा. शर्यत नाही, घर नाही. मालकानं जागा क्लबला परत दिली नाही.


काउलीकर

मावळे, ब्रँडनचं तुम्ही सांगितलंत ते खोटं नाही. तो निकाल आला त्या दिवशी मीही नाचलो होतो, आणि पुढे फोटो पाहून गप्प झालो.

पण काउलीसुद्धा नऊ वर्षं अशीच पडून होती. आमच्या गेटवरही रंगाचे फवारे होते. फरक इतकाच की इथे मालकानं शेवटी जागा भाड्यानं द्यायला हो म्हटलं, कारण घरांची वाट बंद झाल्याचं त्याला पटलं होतं. नकार हा इलाज नाही, पण नकार नसता तर आज भाड्यानं द्यायलाही काही उरलं नसतं. एक्सेटरला काउंटी ग्राउंड २००५ मध्ये गेलं, तिथे घरं झाली, आणि तो क्लब पुन्हा घरी परतलाच नाही.

प्रेक्षकांबद्दल: ज्या क्लबला पुढच्या वर्षी जागा आहे की नाही हे माहीत नाही, तो छप्पर दुरुस्त करत नाही, स्वच्छतागृह बांधत नाही, शाळांत जाऊन मुलं गोळा करत नाही. गळका स्टँड पाहून लोक येत नाहीत. मग गर्दी नाही म्हणून जागा जाते. कुठल्या टोकापासून सुरुवात झाली हे मलाही नेमकं सांगता येणार नाही.


ईस्ट हॅमकर

एकच विचारते, सरळ उत्तर द्या. काउलीच्या त्या जागेवर घरं झाली असती तर परवडणारी किती असती?


काउलीकर

ऑक्सफर्डात मोठ्या प्रकल्पातली निम्मी घरं परवडणारी असावीत असा काउन्सिलचा आग्रह असतो. प्रत्यक्षात बिल्डर घासाघीस करून तो आकडा खाली आणतात, पण धरून चाला शंभरएक. शंभर कुटुंबं. मी स्टँडमध्ये बसतो तेव्हा हा आकडा डोक्यात असतो, आणि तरीही ट्रॅक राहावा असं मला वाटतं. कारण ही घरं शहरात दुसरीकडे बांधता येतील, निदान शोधता येतील. दीड लाखावर वस्तीच्या या गावात दुसरा ट्रॅक कुणी कधीच बांधणार नाही.

स्टेडियमभोवती कार पार्कची केवढी जमीन आहे. तिथे घरं बांधा, मी स्वतः काउन्सिलला पाठिंब्याचं पत्र लिहीन. पण स्विंडनला झालं तसं नको. करारात आधी ट्रॅक, मग चाव्या.


रात्रपाळी

कार पार्कवर घरं बांधणार असाल तर माझ्या दोन गोष्टी त्या करारात घाला. हंगामाचं वेळापत्रक मार्चच्या आधी प्रत्येक घरात पोचवायचं, म्हणजे मला ड्यूटी बदलून घेता येईल. आणि घर दाखवायला लोकांना शर्यतीच्या रात्री न्यायचं. मंगळवारी सकाळी अकराला नाही.